तारेतलं 'सीरियस' आणि मोबाइलमधलं 'लोल'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'तरुण मुलांची मोबाइलवरची भाषा' या विषयावर बोला, असं मला सुचवण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी भाषेचा अभ्यासक नाही, आणि संगणकातलंही मला फारसं कळत नाही. मी साधा तारमास्तर. १९७६ साली कोकणातल्या एका लहान गावच्या तार कचेरीत चिकटलो आणि २०१२ साली मिरजेत निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, देशातली तारसेवा बंद झाली. 'आबा घरी बसले आणि त्या धक्क्यानं तारेनं जीव सोडला,' अशी आमच्या घरात अजून चेष्टा चालते.

मग विचार केला, की छत्तीस वर्षं आपण दुसरं केलं तरी काय? लोकांचे कमीत कमी शब्दांतले निरोप घेतले, पाठवले, पोचवले. मोबाइलवरची पोरं तरी वेगळं काय करतात? आणि दुसरी एक गोष्ट मनात होती. इतकी वर्षं तोकडे निरोप वाचलेल्या या माणसाला स्वतःच्या नातीचा एका ओळीचा निरोप वाचता आला नाही. ती गोष्ट सांगितली तर कुणाला तरी उपयोगी पडेल, असं वाटलं, म्हणून आलो.

सुरुवात तारेपासून करतो. तारेत शब्दाला पैसे पडत. पत्त्यातले शब्दसुद्धा मोजले जात, म्हणून तर व्यापारी मंडळी आपला एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून घेत आणि दुकानाच्या कागदावर तो छापत. खिडकीवर आलेला माणूस फॉर्मवर आधी चांगला ऐसपैस मजकूर लिहायचा. मी शब्द मोजून पैसे सांगितले, की तो कागद परत मागून घ्यायचा आणि एकेक शब्द खोडत बसायचा. 'आम्ही सर्व उद्या सकाळच्या गाडीनं येत आहोत' याचं शेवटी 'रीचिंग टुमारो' व्हायचं. सणासमारंभाच्या शुभेच्छांचे तर आकडेच ठरलेले होते. भिंतीवर यादी लावलेली असे. गिऱ्हाइकानं आकडा सांगायचा, आम्ही नुसता आकडा पाठवायचा आणि पलीकडच्या कचेरीनं त्या आकड्याचं पूर्ण वाक्य लिहून द्यायचं. एकदा माझ्या हातून आकडा चुकला आणि एका नवरदेवाला भर मांडवात 'परीक्षेतल्या यशाबद्दल अभिनंदन' अशी तार पोचली. लोकांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली म्हणे. त्याच्या सासऱ्यांनी पुढे मला ओळखलं, पण रागावले नाहीत. म्हणाले, 'मास्तर, तसं चुकीचं काहीच नव्हतं.'

आम्ही तारवाले आपसांत बोलायचो ती भाषा आणखी वेगळी. मोर्सच्या कड-कट्टवर 'यू' हा शब्द तीन अक्षरांत कोण वाजवणार? नुसतं एक अक्षर यू. 'गुड मॉर्निंग'ला जी-एम. 'प्लीज'ला पी-एस-ई. त्र्याहत्तर हा आकडा वाजवला, की शुभेच्छा. हौशी बिनतारी संदेश पाठवणारे, ज्यांना हॅम म्हणतात, ते आजही शेवटी त्र्याहत्तर म्हणूनच निरोप घेतात. त्यामुळे २००३-०४ च्या सुमारास वर्तमानपत्रांत 'मोबाइलमुळे भाषेची वाट लागली' अशी पत्रं येऊ लागली, पोरं 'यू' एका अक्षरात लिहितात म्हणून मास्तर लोक कपाळाला हात लावू लागले, तेव्हा मला मनातल्या मनात हसू यायचं. हे पाप आमचं, आणि ते शंभर-सव्वाशे वर्षांचं जुनं.

आता हा मोबाइलवरचा संदेश, म्हणजे एसएमएस, आला कसा ते थोडक्यात सांगतो. १९८५ साली जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाच्या अभियंत्यानं टाइपरायटरवर सुचतील तशी वाक्यं लिहून पाहिली आणि अक्षरं मोजली. माणसाचं बहुतेक म्हणणं एकशे साठ अक्षरांत बसतं, असं त्याच्या लक्षात आलं. पोस्टकार्डं आणि टेलेक्सचे निरोप पाहिले, तिथंही तोच अनुभव. एकशे साठची मर्यादा ठरली ती अशी. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुणानं संगणकावरून एका मोबाइलवर 'मेरी ख्रिसमस' असा पहिला संदेश पाठवला. आपल्याकडे मोबाइल १९९५ साली आला आणि पुढच्या दहा वर्षांत तो कॉलेजच्या पोरांच्या खिशात पोचला.

त्या वेळचे ते बटणांचे फोन आठवा. एका बटणावर तीन-चार अक्षरं. इंग्रजीत 'यू' हा शब्द पूर्ण लिहायचा, तर वाय साठी तीन वेळा, ओ साठी तीन वेळा आणि यू साठी दोन वेळा, अशी आठ वेळा बटणं दाबावी लागत. नुसतं यू हे अक्षर दोनदा दाबलं की काम झालं. आता सांगा, शहाणा कोण? ग्रेट लिहायचं तर जी, आर आणि पुढे आठाचा आकडा. 'फॉर'च्या जागी चारचा आकडा. दिवाळी-नववर्षाला सवलतीचे दर लागू नसत, म्हणून पोरं आदल्या दिवशीच शुभेच्छा पाठवून मोकळी होत. ज्यांच्याकडे तेवढेही पैसे नसत त्यांनी तर बिनशब्दांची, बिनपैशांची भाषा काढली. तिचं नाव मिस कॉल. एक मिस कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. आमच्या तार खात्यात असं कुणाला सुचलं असतं, तर आमचे पगार निघाले नसते.

मराठीची अडचण आणखी मोठी होती, आणि ती पुष्कळांना ठाऊक नाही. एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं एकशे साठ मावत, पण देवनागरी फक्त सत्तर. कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला दुपटीहून जास्त जागा लागते. त्यात काना, मात्रा, वेलांटी, पायमोड हे सगळं स्वतंत्र मोजलं जातं. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो, पण यंत्राच्या हिशेबात ती दहा चिन्हं होतात. म्हणजे सात 'विद्यार्थी' लिहिले, की संदेश संपला. आणि एवढं करून पाठवलं, तरी समोरच्याच्या फोनमध्ये मराठी नसलं तर त्याला नुसते चौकोन दिसायचे. मग मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागली, यात त्यांचा काय दोष? त्यातून गोंधळ मात्र भरपूर झाले. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'माला' हे मला, माळा की माला? 'काल' म्हणजे आदला दिवस, काळ की कळ? माझ्या मेहुण्यानं एकदा 'पोटात कळ आहे' असं कळवलं आणि आमच्या मंडळींनी ते 'पोटात काल आहे' असं वाचलं. अर्धा तास आम्ही त्याचा अर्थ लावत होतो आणि तिकडे तो कळवळत होता.

बरं, आपले वाडवडील तरी पूर्ण शब्द लिहीत होते का? जुनी पत्रं काढून बघा. सुरुवातीला 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. शेवटी 'क. लो. अ.', कळावे, लोभ असावा. मुलाला 'अ. उ. आ.', अनेक उत्तम आशीर्वाद. मग 'ता. क.' आणि त्या ताज्या कलमातच खरं काम, म्हणजे पैसे पाठवण्याबद्दल. लग्नपत्रिकेवर चि. आणि सौ. कां. आहेतच. मोडी लिपी तर हात न उचलता झरझर लिहिण्यासाठीच वापरली जात होती आणि तिच्यात नेहमीचे शब्द सर्रास तोडून लिहीत. यातला 'सा. न. वि. वि.' आजच्या पोराला दाखवा, तो डोकं खाजवेल. त्याचा 'टी-टी-वाय-एल' आपल्याला दाखवला, की आपण डोकं खाजवतो. 'नंतर बोलू' एवढाच त्याचा अर्थ. हिशेब बरोबर झाला.

इंग्रजांचंही तसंच. 'ओएमजी', म्हणजे 'अरे देवा', हे पोरींनी मोबाइलवर काढलेलं खूळ आहे असं आपल्याला वाटतं. ते सापडतं १९१७ सालच्या एका पत्रात. ब्रिटिश आरमाराचे माजी प्रमुख लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या त्या पत्रात हे तीन अक्षरी रूप आहे आणि पुढे त्याचा अर्थही दिला आहे. लिहिणारे फिशरसाहेब तेव्हा शहात्तर वर्षांचे होते!

या भाषेमुळे मुलांचं लेखन बिघडतं का, हा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठात यावर संशोधन झालं. दहा-बारा वर्षांच्या मुलांवर केलेल्या त्या अभ्यासात उलटंच दिसलं. अशी छोटी रूपं जास्त वापरणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट बरी होती. कारण शब्द मोडायचा तर तो उच्चारात कसा आहे, हे आधी कळावं लागतं. मला यात नवल वाटलं नाही. आपणही लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो. 'मला' म्हणजे 'चलाम', 'पाणी' म्हणजे 'चाणीप'. ज्याला शब्दाचं पहिलं अक्षर सुटं करता येत नव्हतं, त्याला ती भाषाही येत नव्हती. गुप्त भाषेचा षोक तर फार जुना. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले आणि त्या लिपीचं कोडं पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी सोडवलं. व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. गुरांच्या बाजारात दलाल अजूनही उपरण्याखाली बोटं धरून किंमत ठरवतात. चार लोकांत बोलायचं, पण ते आपल्याच माणसाला कळावं, ही हौस माणसाला पहिल्यापासून आहे.

इथपर्यंत सगळं मला कळत होतं आणि म्हणूनच मी जरा फुशारकीत होतो. माझी नात सई बारावीला असताना मी तिच्याकडून ही भाषा शिकूनही घेतली. चांगली दोनशे पानी वही केली होती. आता बटणं गेली, एकशे साठची मर्यादा गेली, तरी छोटे शब्द राहिलेच, आणि त्यांच्यात नवीन शब्दांची भर पडली. 'नो कॅप' म्हणजे खोटं नाही, शपथेवर. मी म्हटलं, 'हात्तिच्या, म्हणजे बंडल मारत नाही. आम्ही पुडी सोडणं म्हणायचो.' 'डिलुलू' म्हणजे आपल्या कल्पनेतच रमलेला माणूस. म्हणजे मनातले मांडे खाणारा. 'घोस्टिंग' म्हणजे काही न सांगता एखाद्याशी बोलणंच बंद करणं. आमच्याकडे उसने पैसे नेलेले लोक हे करत. 'रिझ' म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी. ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी २०२३ साली याला वर्षाचा शब्द ठरवलं. पुढे २०२४ साली त्यांनी 'ब्रेन रॉट' निवडला, म्हणजे मोबाइलवरचा भुसा बघून बघून मेंदूला येणारी कुज. तो शब्द मात्र आमच्या घरात सूनबाई रोज वापरतात.

एकदा सईनं घरातल्या सगळ्यांना पाठवलेल्या निरोपात लिहिलं, 'आबा गोट आहेत.' मी गप्प राहिलो, पण मनाला लागलं. शेळी म्हणाली आजोबाला! रात्री जेवताना खुलासा झाला. ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम, म्हणजे सर्वकाळातला श्रेष्ठ, याची ती चार आद्याक्षरं. मी दुसऱ्या दिवशी भाजी मंडईत दोघा-तिघांना हे सांगून आलो.

आणि सगळंच इंग्रजी नाही बरं का. 'विषय हार्ड', 'नाद खुळा', 'जाळ अन् धूर संगटच' ही कोल्हापूरकडची भाषा आता पुण्या-मुंबईची पोरंही लिहितात. या शब्दांचा एक नियम मात्र सईनं मला बजावून सांगितला. 'आबा, तुम्ही हे शब्द समजून घ्या, पण वापरू नका. तुम्ही वापरलेत, की आम्हाला ते टाकून द्यावे लागतात.' खरं आहे. हा शब्दांचा गणवेश असतो. हेडमास्तरांनी तो घातला, तर मुलं तो घालतील कशाला?

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

२०२२ साली सई इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. पहिल्यांदाच घराबाहेर. रोज रात्री माझा आणि तिचा निरोपांचा कार्यक्रम असे. ऑक्टोबरमध्ये एकदा मी तिला माझा फोटो पाठवला. थंडीच्या आधीच माकडटोपी घालून, वर हेल्मेट चढवून मी गाडीवर बसलो होतो. लगेच उत्तर आलं, 'आबा, मेले मी.' पुढे कवटीचं चित्र. रात्रीचे साडेदहा. माझे हातपाय गार पडले. तारमास्तराच्या डोक्यात असा निरोप कसा वाजतो, ते तुम्हाला सांगता येणार नाही. फोन लावला, तो तिनं उचलला नाही. मुलाला उठवलं. तोवर तिचाच फोन आला आणि ती हसून हसून बोलूच शकेना. 'मेले' म्हणजे हसून मेले. कवटीचाही अर्थ तोच. पूर्वी हसण्यासाठी डोळ्यांतून पाणी येणारा चेहरा टाकायचे, पण तो आता आईवडील टाकतात, म्हणून मुलांनी कवटी घेतली. सगळ्या घरानं मला हसून घेतलं. मी वहीत नोंद केली: 'कवटी म्हणजे हसू. लोल म्हणजे हसू. उगाच घाबरू नये.'

ही नोंदच मला नडली.

पुढच्या फेब्रुवारीत तिचा निरोप आला. तो मला पाठ आहे. 'दोन विषय राहिले लोल. तीन रात्री झोप नाही लोल. इट्स फाइन.'

मी काय केलं? मी वही केलेला माणूस. लोल म्हणजे हसू. दोनदा हसली आहे, शिवाय 'ठीक आहे' म्हणते. मीही हसणारे तीन चेहरे पाठवले आणि खाली लिहिलं, 'अभ्यास कर.' पुढे पूर्णविराम.

तिचं उत्तर आलं, एक अक्षर. के. मी समजलो, ओके.

त्यानंतर अकरा दिवस तिचा एकही निरोप नाही. मी विचारलं, की 'के'. पुन्हा विचारलं, की 'के'. बाराव्या दिवशी तिच्या खोलीत राहणाऱ्या मुलीनं सूनबाईंना फोन केला. सई जेवत नाही, वर्गात जात नाही, दिवसभर पांघरूण घेऊन पडून असते. आणि ती पोर म्हणाली, 'तिनं तुमच्या घरी सांगितलं होतं ना? ती म्हणत होती, मी फक्त आबांना सांगितलंय.'

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पुण्याला गेलो. वसतिगृहासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. बराच वेळ दोघंही बोललो नाही. मग मी म्हटलं, 'अगं, तू हसलीस म्हणून मीही हसलो.' तिनं मान वर केली. म्हणाली, 'आबा, ते लोल हसण्याचं नव्हतं. तुम्ही घाबरू नये म्हणून टाकलं होतं. मागे किती घाबरला होतात.'

श्रोतेहो, त्या क्षणी मला कोकणातली तार कचेरी आठवली. 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' अशा किती तारा मी घेतल्या असतील! आम्हा तारवाल्यांना माहीत असायचं, की यातल्या पुष्कळ तारांत वडील 'सीरियस' नसतात, ते गेलेले असतात. मुलानं एकट्यानं एवढा प्रवास करायचा, वाटेत त्यानं कोसळू नये, म्हणून घरचे तो शब्द घालत. तार पोचवणाराही ते ओळखून असायचा. तो नुसता कागद देऊन निघत नसे. सही घ्यायच्या निमित्तानं जरा थांबायचा, पाणी मागायचा, बरोबर कुणी आहे का ते बघायचा. 'सीरियस'चा अर्थ शब्दकोशात काय आहे, हे आम्हाला विचारायचं नव्हतं. तो तिथं कशासाठी घातला आहे, हे आम्ही वाचायचो. आणि घरच्या पोरीनं नेमकं तेच केलं, स्वतःचं दुःख जरा मऊ करून पाठवलं, तेव्हा मी कोशातला अर्थ घेऊन बसलो.

घरी आल्यावर मी या 'लोल'च्या मागे लागलो. जॉन मॅकव्हॉर्टर नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आहेत. २०१३ सालच्या एका भाषणात त्यांनी हेच सांगितलं आहे. 'लोल'चा मूळ अर्थ मोठ्यानं हसणं, पण वापरता वापरता तो हसण्याचा शब्द राहिला नाही. आपलेपणा दाखवणारा, बोलण्याची धार कमी करणारा एक छोटा टेकू झाला. मराठीत आपण वाक्याच्या शेवटी 'बरं का' म्हणतो, 'हं' म्हणतो, 'आपलं सहज' म्हणतो, तसा. कुणी आपल्या दारी येऊन 'आपलं सहज आलो होतो' म्हणतो, तेव्हा तो सहज आलेला नसतो, हे आपल्याला चांगलं कळतं. मुलांचं लोल बऱ्याचदा असं असतं.

मोठ्या माणसांचीही यात फजिती झाली आहे. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आपल्या संदेशांखाली लोल लिहायचे. त्यांना वाटे, त्याचा अर्थ 'खूप खूप प्रेम'. खरा अर्थ कळल्यावर त्यांनी ते थांबवलं. २०१२ साली एका चौकशीत साक्षीदार बाईंनीच हे सांगितलं आणि सगळा देश हसला.

आणि माझा तो पूर्णविराम! अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठानं २०१५ साली एक प्रयोग केला. तोच एका शब्दाचा होकार मोबाइलवर पूर्णविराम देऊन दाखवला, तर तो तरुणांना कमी मनापासून दिलेला वाटला. कागदावर हातानं लिहून दाखवला, तर तसा फरक पडला नाही. मोबाइलवर संदेश संपला, की ओळ आपोआपच संपते. मग टिंब मुद्दाम कशाला दिलं? तर रागानं, असं ती वाचतात. आम्ही तर व्याकरण म्हणून देतो! तसंच 'ओके', 'ओकेएए' आणि नुसतं 'के' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेवटचं अक्षर लांबवलं, तर प्रेमानं. नुसतं 'के' म्हणजे तोंड फिरवणं. अकरा दिवस माझी नात माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि मी तिला आज्ञाधारक समजत होतो.

बोलताना आवाज असतो, चेहरा असतो. लिहिताना ते दोन्ही जातात. ते परत आणण्यासाठी माणसानं धडपड केली. १९८२ साली स्कॉट फालमन या अमेरिकन प्राध्यापकानं दोन टिंबं, आडवी रेघ आणि कंस यांचा हसरा चेहरा सुचवला. १९९९ साली जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी एका मोबाइल कंपनीसाठी एकशे शहात्तर छोटी चित्रं काढली. आज मुलं जे लोल, चित्रं आणि लांबवलेली अक्षरं वापरतात, तीही तीच धडपड आहे. म्हणजे शब्द वाचवण्यासाठी सुरू झालेली ही भाषा आता भावना वाचवण्यासाठी चालते. हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं.

सईचं पुढे काय झालं, ते सांगतो. एक महिना ती घरी राहिली. कॉलेजच्या समुपदेशकांकडे गेली, राहिलेले विषय पुढच्या खेपेला सोडवले. सगळं एकदम सुरळीत झालं, असं नाही. पण ती शिकली आणि आम्हीही शिकलो. तुमच्या घरात असा प्रसंग आला, तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तेव्हा मला ती माहीत नव्हती, म्हणून आज मुद्दाम सांगतो.

माझ्या वयाच्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. या भाषेचे शब्द पाठ करायच्या भरीला पडू नका. ते पुरे पडत नाहीत. २०२५ साली पोरं 'सिक्स-सेव्हन' म्हणून हात वर-खाली करत होती. त्याला काही अर्थच नाही, आणि नसण्यातच त्याची गंमत, असं मला सांगण्यात आलं. शब्दांपेक्षा आपल्या मुलाची लिहिण्याची रीत ओळखा. रोज लांबलचक लिहिणारी पोर एक अक्षर लिहू लागली, रात्री दहाला झोपणारा पहाटे तीनला निरोप धाडू लागला, तर कोश उघडू नका. फोन करा. शक्य असेल, तर गाडी पकडा. आणि अर्थ कळला नाही, तर सरळ विचारा, 'बाळ, हे हसणं आहे, की दुसरं काही?' विचारल्यानं फार तर मुलं हसतील. न विचारल्यानं काय होतं, ते मी बघून आलो.

मुलांनाही एक सांगायचं आहे. तुम्ही आमच्या काळजीपोटी शब्द मऊ करता, हे आता आम्हाला कळलंय. पण एखाद्या वेळी लोल न लावताच लिहा. आम्ही घाबरू, धावपळ करू, घर डोक्यावर घेऊ. तेवढं करण्यासाठीच तर आम्ही आहोत.

सई आता शेवटच्या वर्षाला आहे. आमचे रात्रीचे निरोप चालू आहेत. मी देवनागरीत लिहितो. सत्तर अक्षरांची अडचण आता उरलेली नाही, फोनवर मराठी सहज लिहिता येतं, बोलूनसुद्धा लिहिता येतं. हळूहळू तीही देवनागरीत लिहू लागली आहे. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी पूर्णविराम देत नाही आणि ती 'के' पाठवत नाही, असा आमचा तह झाला आहे. परवा मी आज या भाषणासाठी येणार असल्याचं तिला कळवलं. तिचं उत्तर आलं, 'आबा, विषय हार्ड. पण मला फार रडवू नका हं.' पुढे कवटीचं चित्र होतं.

मी लगेच फोन करून खात्री करून घेतली. ती हसतच होती.